सात किलोमीटरची सुट्टी

माझ्या सत्त्याहत्तरीचा विचका यासुहिकोने केला, आणि तोही एक शब्द न बोलता. पोटचा आहे म्हणून त्याला झाकून ठेवायची माझी पद्धत नाही. त्रेपन्न वर्षांचा बाप्या. जीभ शाबूत, दात शाबूत. पण बोलायची वेळ आली की हा चहाच्या कपात बघत बसतो. कपात काही नसतं. मी डोकावून पाहिलंय.

त्याला एवढंच सांगायचं होतं, की आई, हॉटेलच्या न्हाणीघरात ठेवलेली बारा लाकडी घंगाळी तुझ्या नातीने, चिहायाने केलीत, तेव्हा तोंड सांभाळ. बसमध्ये तो वीस मिनिटं माझ्या शेजारी बसला होता. तेवढ्या वेळात मी त्याला दातांच्या डॉक्टरचा घटस्फोट, रखडलेला पूल आणि माझा गुडघा असं तिन्ही सांगून संपवलं. त्याने ‘हं’ म्हटलं. तीन वेळा.

आमच्यात सत्त्याहत्तर झाली की म्हाताऱ्या माणसाला जांभळी बंडी आणि जांभळी टोपी चढवतात, गरम पाण्याच्या झऱ्यावर नेतात, फोटो काढतात आणि पुन्हा घरी आणून ठेवतात. थोरली फुसाको नागोयाला असते. तिच्या नवऱ्याची न्हाणीघराच्या सामानाची कंपनी आहे, म्हणजे सगळं प्लॅस्टिक. तिचं म्हणणं, आईला विमानाने गुआमला नेऊ.

“काय आहे तिथे?” मी फोनवर विचारलं.

“समुद्र आहे, आई.”

“मला खारवून ठेवायचा विचार आहे का तुमचा?”

शेवटी ठरलं किवाकोचं हॉटेल. आमच्या घरापासून खोऱ्यात वर सात किलोमीटर. आमच्या कारखान्यातून तिथे चाळीस वर्षं घंगाळी गेली, पण मी पुढच्या दाराने कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. आम्ही मागच्या दाराने जाणारी माणसं. सरकारने त्या हिवाळ्यात आपल्याच जिल्ह्यात फिरणाऱ्यांना सवलत दिली होती, ती मला, यासुहिकोला, सून मित्सुएला आणि नात चिहायाला मिळाली. फुसाको बाहेरच्या जिल्ह्यातली, तिने पूर्ण भाडं भरलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला प्रवासाचा शीण जाणवला नाही.

हॉटेलच्या दारात किवाकोने पाटी लावली होती. या खोऱ्यातलंच खा, या खोऱ्यातलंच प्या, या खोऱ्यातलंच घरी न्या. मी अक्षरं लावून वाचली, शाळेत फार दिवस गेले नाही मी. तेवढ्यात मित्सुए आतल्या दुकानात शिरलीसुद्धा. गावाला जाऊन आलं की शेजाऱ्यांना खाऊ न्यायचा असतो, हे तिला तिच्या आईने शिकवलंय, आणि बाकी काही शिकवलेलं नाही. तिने चेस्टनटच्या मिठाईचे पाच डबे उचलले.

“हे कोणाला?” मी विचारलं.

“ओकुमुरा वहिनींना, आई. समोरच्या.”

“डब्यावर काय लिहिलंय ते वाच.”

तिने वाचलं. मिठाई ओकुमुरा वहिनींनीच बनवलेली होती. आमच्या समोरच्या दारातून निघून, सात किलोमीटर चढून, दीडपट किंमत लावून तिथे बसली होती.

“म्हणजे तिची मिठाई तू तिलाच नेऊन देणार. आणि ती वाकून म्हणणार, कशाला एवढी तसदी घेतलीत.”

“मग काय करू, आई? रिकाम्या हाताने गेले तर म्हणतील सात किलोमीटर गेले आणि विसरले.”

ते खरं होतं. तिने पाचही डबे घेतले.

आता चिहायाचं सांगते, कारण सगळं तिच्यावर अडलेलं होतं. चोवीस वर्षांची, डावखुरी, मान माझ्यासारखी ताठ. तीन वर्षांपूर्वी शिक्षण अर्धवट टाकून आली आणि कारखान्यात रंधा घेऊन बसली. यासुहिकोचं मत, दोघांना पुरेल एवढं काम उरलेलं नाही. फुसाकोच्या नवऱ्याकडे एक जागा रिकामी होती, गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायची. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. पोरीने बापाशी बोली केली, किवाकोने प्लॅस्टिक काढून माझी घंगाळी ठेवली तर मी इथेच राहणार, नाही तर मुकाट्याने नागोया. नमुन्याची बारा घंगाळी आधीच वर पोचली होती. ही बोली माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होती. माझं मत स्वच्छ मिळावं म्हणून मला सांगितलं नाही, असं यासुहिको नंतर म्हणाला. माझं मत कधी अस्वच्छ होतं?

न्हाणीघरात आम्ही चौघी बायका आणि खालच्या गावातल्या दोन अनोळखी. वाफ एवढी की आपले गुडघे आपल्याला दिसू नयेत. म्हाताऱ्या बाईला ते सोयीचंच. किवाको बाह्या बांधून दाराशी येऊन बसली आणि विचारलं, पाणी ठीक आहे ना.

“आणि नवी घंगाळी कशी वाटतात, शिगेनोआजी? तुमच्याशिवाय मी कोणाला विचारणार?”

कोणी मला मत विचारलं की माझं तोंड आपोआप चालू होतं. मी जवळचं घंगाळं भरून उचललं. तळातून पाणी गळत होतं. फळ्या आवळून धरणारं बांबूचं कडं अंगठ्याखाली सरकलं.

“हे घंगाळं आहे की चाळण?” मी म्हटलं. “पलीकडच्या खोऱ्यातलं काम दिसतंय. कडं वळलंय की गवत गुंडाळलंय? ज्याने हे वळलं त्याला घरात कोणी चपलेचा बंद बांधायलासुद्धा शिकवलं नसणार.”

त्या अनोळखी दोघी हसल्या. मग माझा अंगठा कड्याच्या टोकापर्यंत पोचला. बांबूचं कडं वळून झालं की त्याचं टोक आत खोचतात, आणि अख्खं खोरं ते उजवीकडे खोचतं. हे डावीकडे खोचलेलं होतं.

आमच्यात पुरुष लाकूड रंधतात आणि बायका कडी वळतात. चिहायाला कडं वळायला शिकवणारी मीच. मला वाटायचं, म्हातारीला सोबत म्हणून पोरगी संध्याकाळची येऊन बसते.

तोंड मात्र तोवर पुढच्या वाक्यात शिरलं होतं. “हे उन्हाळासुद्धा बघणार नाही,” मी म्हटलं.

किवाको बाहीआड हसली, पण डोळे हसले नाहीत. चिहायाने तेच घंगाळं माझ्या हातातून घेतलं, भरलं, खांद्यावर ओतलं, पुन्हा भरलं. अर्धं पाणी वाटेतच गळत होतं. बोललेला शब्द मागे घेणं मला जमत नाही, गिळताना अडकतो. मला वाटलं, जेवताना विषय निघेल आणि आपण दुसऱ्या वाटेने आत शिरू.

मित्सुएला सगळं ठाऊक होतं. तिच्या बोटांना अठ्ठावीस हिवाळे भेगा पडल्यात, ओलं लाकूड हाताळून. पोरीची बोटं तशी होऊ नयेत, ती खुर्चीवर बसावी, पंख्याखाली, असं तिच्या मनात होतं. “तुम्ही नावं ठेवलीत तेव्हा मला बरं वाटलं,” तिने मला पुढे एकदा सांगितलं. “आणि बरं वाटलं म्हणून इतकी लाज वाटली की मी डोकं पाण्याखाली घातलं.” ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, केस धुतेय.

जेवणाला मला जांभळी टोपी घालून मधोमध बसवलं. नदीचा मासा मीठ लावून भाजलेला, सलगमच्या पाल्याचं बिनमिठाचं लोणचं घातलेल्या शेवया, वरच्या गावची साके. फोटो झाले. फोटोत मी वांग्यासारखी दिसते.

पहिला प्याला संपायच्या आत फुसाकोने सुरुवात केली. “चिहाया, सोमवारी त्यांना काय सांगू? जागा चांगली आहे. राहायला आमची वरची खोली.”

“मालकीणबाईंनी अजून काही सांगितलेलं नाही, आत्या.”

“न्हाणीघरात जे झालं त्यानंतर काय सांगणार आहेत?”

“वन्सं बरोबर बोलतायत,” मित्सुए म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. या दोघींचं लग्नात भाताच्या पाण्यावरून बिनसलं, तेव्हापासून त्या एका बाजूला कधी बसल्या नव्हत्या. आता फुसाकोने तिच्या पानात स्वतःच्या पानातला मासा वाढला.

“न्हाणीघरात काय झालं?” यासुहिकोने विचारलं. पुरुषांच्या बाजूला त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

“आजीने माझ्या घंगाळ्यांना चाळण म्हटलं,” चिहाया म्हणाली. “मालकीणबाईंसमोर.”

“कोणी सांगितलं होतं मला ती तुझी आहेत म्हणून?” मी म्हटलं.

“माझी आहेत हे कळल्यावर गळायची थांबली असती का?”

मी लोणचं मागितलं.

“मग जाऊ दे तिला,” यासुहिको म्हणाला. “चांगली जागा आहे. खरंच चांगली आहे. काम काय, तर माणसांचं ऐकून घ्यायचं. पाच वाजता सुटी.” तो इतकं एका दमात बोलला की मित्सुएच्या चॉपस्टिक थांबल्या.

फुसाको त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या डोक्यात त्या वेळी काय फिरत होतं ते तिने मला परतताना सांगितलं. यासुहिकोने त्या जागेसाठी तिला दोनदा फोन केला होता, आणि दोन्ही वेळा पोरीचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. तिला आत्ता ते आठवलं.

“यासु, तू मला विचारलं होतंस, खोलीला खिडकी आहे का. स्टेशन किती लांब. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला पुन्हा शिकता येतं का तिथलं.”

“सहज विचारलं, ताई.”

“चिहाया त्रेपन्न वर्षांची आहे?”

यासुहिको प्याल्यात बघू लागला. या वेळी निदान प्याल्यात साके होती.

बाविसाव्या वर्षी त्याला नागोयाला रेल्वेत नोकरी लागली होती, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याचे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, कारखान्यात माणूस हवा होता. नेमणुकीचं पत्र मी न्हाणीच्या बंबात घातलं. पाणी छान तापलं. तो त्या पाण्याने न्हाला आणि दुसऱ्या दिवसापासून रंधा धरून बसला. आमच्यात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

तेवढ्यात किवाको दार सरकवून आत आली, माझ्यासमोर वाकली, शंभर वर्षं जगा म्हणाली. मग चिहायाकडे वळून गोड आवाजात म्हणाली, “घंगाळ्यांचा मी मनापासून विचार करते हं.”

आमच्या खोऱ्यात बाई ‘मनापासून विचार करते’ म्हणाली की त्याचा अर्थ नाही असा होतो. चिहायाने मान लववली, ताटातला शेवटचा घास संपवला, चॉपस्टिक सरळ रेषेत ठेवल्या आणि म्हणाली, “आत्या, वरच्या खोलीत ऊन येतं का?”

फुसाको जिंकली होती. पण तिचा चेहरा गिऱ्हाइकाने माल परत आणून टाकल्यासारखा झाला होता.

सकाळी नऊच्या सुमारास, बाकीचे सामान बांधत होते तेव्हा, मी पुन्हा न्हायला निघाले. सवलतीत दोन वेळचं न्हाणं होतं, एक वेळचं सोडायला मी कोण. वाटेत मागचा व्हरांडा लागतो. तिथे हॉटेलचा गडी बाराच्या बारा घंगाळी कठड्यावर उताणी मांडत होता. भर उन्हात, तोंड आभाळाकडे. नोव्हेंबरचं ऊन असलं तरी त्या कठड्यावर ते थेट भाजत येतं. कडी सगळ्यांची सैल होऊन तळाकडे घसरलेली.

“हे काय करतोयस?”

“वाळवतोय, आजी. प्लॅस्टिकचीसुद्धा रोज अशीच वाळवायचो. जंतू मरतात.”

“किती दिवस?”

“आली तेव्हापासून. नऊ दिवस.”

नऊ दिवस उन्हात लाकूड आक्रसलं, की जगातलं कुठलंही कडं सैल पडेल. माझं, माझ्या सासूचं, कोणाचंही. मी एक घंगाळं उचलून आतून हात फिरवला. फळ्या इतक्या सारख्या बसल्या होत्या की सांधा बोटाला लागत नव्हता. मी कालच हात फिरवायला हवा होता. काल मी तोंड फिरवलं.

“चिहाया,” मी व्हरांड्यातून हाक मारली. माझी हाक खालच्या गावापर्यंत जाते. चिहाया आली, फुसाको आली, मित्सुए मिठाईचे डबे सांभाळत आली, यासुहिको आला, शेवटी किवाकोही, काय फुटलं ते बघायला.

चिहायाने घंगाळी पाहिली, गड्याला पाहिलं, आणि काही न विचारता स्वयंपाकघरात जाऊन वाटणाचा लाकडी बत्ता आणि सरपणातली एक ढलपी घेऊन आली. व्हरांड्यातच मांडी ठोकून बसली. घंगाळं पालथं घातलं, ढलपी कड्यावर टेकवली, वरून बत्ता. ठक, थोडं फिरव, ठक, थोडं फिरव. कडं मिलिमीटर मिलिमीटरने सरकत बसत गेलं. बत्ता तिच्या डाव्या हातात. आवाज बदलला की ती थांबायची, कान देऊन. मी तिला हे शिकवलं नव्हतं. आवाजाचं मलाही चाळिशीनंतर कळलं.

बारावं बसवून झाल्यावर सगळी पाण्याने भरली. सुरुवातीला गळाली. आम्ही तिथेच उभे राहिलो. मित्सुएने एक डबा फोडला आणि ओकुमुरा वहिनींची मिठाई सगळ्यांना वाटली. ती संपेपर्यंत लाकूड फुगलं आणि गळणं थांबलं.

“काल मी जे बोलले,” मी किवाकोला म्हटलं, “ते चुकीचं होतं.” हे वाक्य मी सत्त्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा वापरलं. चव वाईट होती. “कडी नीट वळलेली आहेत. लाकडी भांडं सावलीत पालथं घालायचं असतं, हे तुमच्या माणसाला कोणी सांगितलं नाही, ही आमची चूक.”

“पण आजी,” किवाको म्हणाली, “प्लॅस्टिकला एवढे लाड लागत नाहीत. उद्या हा गडी जाईल, दुसरा येईल, पुन्हा उन्हात मांडेल. तुमच्याकडून पूर्वी घेतलेलं ते बघा ना.” तिने दाराकडे बोट दाखवलं. यासुहिकोने सहा वर्षांपूर्वी दिलेलं एक घंगाळं तिथे होतं, सरस लावून फळ्या चिकटवलेलं, वर तांब्याची पट्टी. उभं तडकलेलं. आत शेवंती लावली होती.

“ते दुरुस्त होत नाही,” चिहाया म्हणाली. “चिकटवलेलं फुटलं की संपलं. म्हणून मी सरस वापरत नाही. ही सैल होतील, मालकीणबाई, नक्की होतील. मी दर पंधरा दिवसांनी येऊन ठोकून देईन. सात किलोमीटर तर आहे.”

“आणि नागोयाच्या कंपनीतून कोण येणार तुमच्याकडे बत्ता घेऊन?” हे फुसाको म्हणाली. नवऱ्याच्या कंपनीबद्दल. मी मान वळवून बघितलं, की ही माझीच मुलगी ना.

किवाकोने घंगाळ्यातल्या पाण्यात बोट बुडवलं. “पंधरा दिवसांनी म्हणजे पंधराच दिवसांनी. बर्फ पडलं तरी.”

“बर्फ पडलं तरी.”

“मग आधी वीस करा. पुढचं वसंतात बघू.”

‘बघू’ म्हणजे हो. मित्सुएने डोळे पुसले. आनंदाने की त्या वीस घंगाळ्यांच्या ओल्या लाकडाच्या विचाराने, मी विचारलं नाही.

हे सगळं चाललेलं असताना मी यासुहिकोकडे बघत होते. आमच्या धंद्यातला माणूस दुसऱ्याला कडं ठोकताना बघतो तेव्हा त्याचे हात आपोआप हलतात. माझे हलत होते, सत्त्याहत्तराव्या वर्षी, जांभळ्या बंडीत. त्याचे दोन्ही हात हॉटेलच्या सुती झग्याच्या, युकाताच्या बाह्यांत होते. तो पोरीकडे बघत होता, कौतुकाने, जसे पाहुणे बघतात. तिकीट काढून.

बस यायला दहा मिनिटं होती. बायका पुढे गेल्या. यासुहिको माझी पिशवी घेऊन मागे थांबला आणि स्वतःहून बोलला. “बरं झालं ना, आई. मग ताईला काय सांगायचं त्या जागेचं? मी सांगतो, की नको म्हणून.” ‘नको’ म्हणताना त्याचा आवाज आत गेला.

“यासुहिको,” मी म्हटलं, “तू घंगाळी वाईट करतोस. तीस वर्षं करतोयस, आणि तीस वर्षं मी गावाला सांगत आलेय की लाकूडच ओलं होतं. लाकूड चांगलं होतं, आणि तूही चांगला होतास, तुला इथे बसवलं मी. सोमवारी त्या खुर्चीवर तू जाऊन बसायचंस. मित्सुएला बरोबर ने, तिच्या बोटांना एक हिवाळा कोरडा जाऊ दे. तिथे दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि उलट बोलायचं नाही असं काम आहे म्हणे. त्याची शिकवणी तुझी माझ्याकडे पुरी झालीय.”